घसरगुंडीला पायऱ्या असतात

पालकांच्या पत्रांचे हे सदर एरवी निरनिराळ्या विषयांनी भरते. या महिन्याची पत्रे मात्र बहुतेक एकाच विषयावरची निघाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोल्हापूर आणि आसपासची कितीतरी कुटुंबे एक दिवस वॉटर पार्कला जाऊन आली. कुठल्या मुलाने किती मजा केली, कोण रडले, कोणाला दारातच थांबवले, कोण अर्ध्या वाटेवरून माघारी आले, याचे हिशेब शाळा सुरू झाल्यावरही घरोघरी चालू आहेत. मी वीसहून अधिक वर्षे मुलांना पोहायला शिकवत आलो आहे, त्यामुळे पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा मला परका नाही. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. मे महिन्यात आम्ही चुलत भावंडांसह वॉटर पार्कला गेलो होतो. सर्वांत मोठ्या घसरगुंडीसाठी तो अर्धा तास रांगेत थांबला, वर पोहोचला आणि त्याच जिन्याने परत खाली आला. भावंडांनी दिवसभर 'भित्रा' म्हणून चिडवले. त्याचे वडीलही तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून रागावले. आता तो पोहण्याच्या तलावावरही यायला नको म्हणतो. त्याची भीती कशी घालवावी? – एक आई, राजारामपुरी

उत्तर : आपल्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले : 'त्याच जिन्याने परत खाली आला.' मागे पंधरा-वीस माणसे खोळंबलेली असताना, प्रत्येकाच्या अंगाला घासत, सर्वांच्या नजरा झेलत, ओल्या जिन्यावरून उलटे उतरायचे, याला नऊ वर्षांच्या मुलाला किती धीर लागला असेल याचा विचार घरातल्या मोठ्यांनी आधी करावा. आपल्याला हे आत्ता जमणार नाही हे त्याने ओळखले आणि त्याप्रमाणे तो वागला. पाण्याजवळ वावरणाऱ्या मुलाच्या अंगी हा गुण असावा म्हणून आम्ही शिकवणारे वर्षानुवर्षे धडपडतो.

वर पोहोचल्यावर मुलाला नेमके काय दिसते, ते एकदा त्याच्या उंचीपर्यंत वाकून पाहण्यासारखे आहे. खालून तीच घसरगुंडी निळी-पिवळी, नागमोडी, खेळण्यासारखी दिसते. वरून मात्र पाण्याचा लोट आत ओढून नेणारे एक गोल तोंड तेवढे दिसते. पुढच्या मुलाचे डोके पहिल्या वळणाला नाहीसे होते, मग त्याची किंकाळी ऐकू येते आणि ती आनंदाची की भीतीची हे वरून कळत नाही. शेवट कुठे आहे तोही दिसत नाही. बसायच्या जागी पाणी थंड असते, हात आडव्या दांड्यावर असतात आणि बाजूला उभा असलेला माणूस 'चल, सोड' म्हणत असतो. अर्धा तास रांगेत उभे राहून भीती निम्मी होत नाही. ती पायरीपायरीने वाढतच जाते.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. 'मोठी घसरगुंडी' ही एकच अवघड गोष्ट नसते, ती पाच-सहा अवघड गोष्टींची मोट असते. उंची ही एक. उतार किती उभा आहे ही दुसरी. वेग ही तिसरी. घर्षण नाही असे धरले तर ३ मीटरवरून सुटलेल्या शरीराचा वेग तळाशी ताशी सुमारे २८ किलोमीटर होईल आणि १० मीटरवरून, म्हणजे तीन मजली घराच्या उंचीवरून, ताशी सुमारे ५० किलोमीटर होईल. प्रत्यक्षात घर्षण आणि वळणे वेग बराच खाली आणतात, पण वाढ कोणत्या प्रमाणात होते ते यावरून कळते. मग अंधार : वरून उघडी घसरगुंडी आणि बंद नळी यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपण एकटे जाणार की कोणाच्या शेजारी बसून, हा आणखी एक भाग. आणि शेवटी पाणी गुडघ्याएवढे आहे की छातीएवढे, ही गोष्ट तर पोहता न येणाऱ्या मुलाच्या मनात सर्वांत वर असते. ती तो बोलून दाखवत नाही एवढेच. आपल्या मुलाने त्या दिवशी किडस् पूलमधल्या लहान घसरगुंडीवरून थेट त्या नळीच्या तोंडापर्यंत मजल मारली असेल, तर या सगळ्या गोष्टी त्याच्यावर एकदम येऊन पडल्या.

आपल्याकडे मळ्यातल्या विहिरीवर मुलांना पोहायला शिकवण्याची जी रीत होती, तिच्यात हे शहाणपण होते. पाठीला आधी सुका भोपळा, पुढे पत्र्याचा डबा आणि नंतरच्या काळात प्लास्टिकचा कॅन बांधून पोराला पाण्यात सोडत. उडी मारायची ती पाण्यालगतच्या पायरीवरून, तीही आधी बसून, मग उभ्याने. मग दोन पायऱ्या वर चढून. मग काठावरून. थारोळ्यावरून, म्हणजे मोटेचे पाणी ओतायच्या कट्ट्यावरून, मुटका मारायची पाळी सर्वांत शेवटी येई, आणि ती कधी आली हे त्या पोरालाच आधी कळे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी मुलाला एकट्याने जमणाऱ्या आणि अजून मुळीच न जमणाऱ्या गोष्टींच्या मध्ये, जाणत्याच्या मदतीने जमणाऱ्या गोष्टींचा एक पट्टा असतो आणि शिकणे त्या पट्ट्यात घडते, असे मांडले. विहिरीवरच्या काकांनी वायगॉट्स्की वाचला नव्हता, पण पोराला दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर कधी न्यायचे हे त्यांना बरोबर कळत असे.

म्हणून 'भीती कशी घालवावी' याऐवजी 'कोणती पायरी राहून गेली' हे शोधावे. पुढच्या खेपेला सकाळी गर्दी नसताना जावे आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. जिथे शेवट वरून दिसतो अशा उघड्या, सरळ, बुटक्या घसरगुंडीपासून आरंभ करावा. तीच तीन-चार वेळा करू द्यावी. 'झाली ना एकदा, आता पुढची' अशी घाई करू नये, कारण चौथ्या वेळी मूल घसरगुंडीकडे पाहण्याऐवजी स्वतःकडे पाहू लागते, हात वर करते, हसते, आणि तीच खूण असते. त्यानंतर शेजारी-शेजारी पट्टे असलेली, चटईवर पोटावर झोपून जायची घसरगुंडी. तिथे भावंड बाजूच्या पट्ट्यात असते. मग रबरी ट्यूबमध्ये दोघांनी बसून उघडे वळण. बंद नळी त्यानंतर. अमेरिकेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या विचाराप्रमाणे 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत अधिक स्वतः करून जमलेल्या गोष्टींतून येतो, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहिल्याने. म्हणूनच पंधरा वर्षांच्या दादाने दाखवलेल्या धिटाईचा उपयोग फारसा होत नाही. आपल्याएवढ्याच उंचीच्या मुलीला हसत बाहेर येताना पाहिले की काम होते.

पोहण्याच्या तलावावर त्याला आठवडाभर नुसते काठावर पाय सोडून बसू द्यावे. आणि त्याच्या वडिलांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा त्याला स्वतःहून सांगावे, 'तू परत आलास ते बरे केलेस.' तिकिटाचे पैसे कुठेही वाया गेलेले नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची असून तिची उंची ११७ सेंटिमीटर आहे. ट्यूबच्या घसरगुंडीपाशी १२० ची पट्टी होती. तिची मावसबहीण तिच्याच वयाची, ती गेली. माझी मुलगी रडत खाली उभी राहिली. मी तिला मांडीवर घेऊन जातो म्हणालो तरी ऐकले नाही. तीन सेंटिमीटरने असे काय बिघडणार होते? – एक वडील, उचगाव

उत्तर : तीन सेंटिमीटरने त्या दिवशी कदाचित काहीही बिघडले नसते. तरीही ज्या माणसाने आपल्याला अडवले त्याने योग्य तेच केले.

उंचीची अट वयाऐवजी ठेवतात याचे कारण साधे आहे : उंची दारात मोजता येते आणि तिच्यावर वाद घालता येत नाही. साधारणतः सात-आठ वर्षांच्या मुलांची उंची १२० च्या आसपास असते, त्यामुळे एकाच वर्गातली निम्मी मुले पट्टीच्या वर आणि निम्मी खाली राहणार, हे ओघाने येतेच. पण उंचीच्या मागे दोन-तीन गोष्टी लपलेल्या असतात. शेवटच्या हौदात वेगाने पडल्यावर मुलाचे डोके पाण्याच्या वर राहिले पाहिजे. ट्यूबच्या दोन्ही कड्यांपर्यंत हात पोहोचले पाहिजेत. आणि वजनाचाही प्रश्न आहे, जो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हलके मूल ट्यूबमध्ये पुष्कळदा हळू जाते, एखाद्या सपाट वळणावर रेंगाळते, आणि मागून सुटलेला भारी माणूस त्याच्यापेक्षा वेगाने येत असतो. दोघांमध्ये ठरावीक अंतर ठेवून सोडतात ते यासाठीच.

मांडीवर घेऊन जाण्याची कल्पना मात्र मनातून पूर्ण काढून टाकावी. आपण ती प्रेमापोटी मांडलीत हे मला कळते. परंतु मांडीवरचे मूल मोठ्याच्या वजनाच्या वेगाने खाली येते आणि त्याचा पाय कडेला अडकला तर तो त्याच्या स्वतःच्या हलक्या वजनाने थांबत नाही. मागचा सगळा भार त्या पायाला पिळतो. बागेतल्या साध्या कोरड्या घसरगुंडीवरसुद्धा आईबापांच्या मांडीवर बसलेल्या बाळांची नडगीची हाडे अशीच मोडतात, हे हाडांच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पाण्यावर तर वेग त्याहून अधिक. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २०१४ मध्ये सुमारे ५१ मीटर उंचीची, त्या वेळी जगात सर्वांत उंच म्हणून गाजलेली घसरगुंडी सुरू झाली. तिच्या तराफ्यात तिघांचे मिळून वजन ठरावीक मर्यादेत असावे लागे. २०१६ मध्ये तिच्यावर दहा वर्षांचा एक मुलगा दगावला. ती बंद झाली आणि पुढे पाडून टाकण्यात आली. आपल्याकडच्या घसरगुंड्या तिच्या जवळपासही नाहीत. पण वजन, उंची आणि वेग यांचे गणित सगळीकडे तेच असते, आणि आकड्यांच्या बाबतीत 'एवढ्याने काय होते' म्हणण्याची सवय जिथे लागते तिथे आज ना उद्या कोणाच्या तरी घरावर संकट येते.

पण आपल्या मुलीचे रडणेही खरे आहे, आणि त्याचा दोष मी पट्टीला न देता त्या जागेच्या रचनेला देईन. पुष्कळ ठिकाणी गुडघाभर पाण्यातली बेडूक-छत्रीची लहान घसरगुंडी आणि १२० सेंटिमीटरच्या पुढची मोठी, यांच्यामध्ये काहीच नसते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांची गर्दी सर्वांत मोठी, आणि नेमके त्यांच्याच वाट्याला एक तर बाळांचे किंवा थोरांचे. मधली पायरी बांधलीच नाही तर उंचीची अट मुलाला शिक्षेसारखी वाटते. मधली पायरी असेल तर तीच अट 'अजून थोडे वाढ, मग ये' असे सांगते. मालकांनी तिकीटखिडकीपाशीच सर्व अटींचा फलक आणि मोजपट्टी लावली पाहिजे, म्हणजे मूल अर्धा तास रांगेत उभे राहून वरून परत पाठवले जाणार नाही.

आपण घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने १२० ची खूण करावी आणि दर महिन्याच्या एक तारखेला मुलीला तिच्याशी उभे करावे. या वयात मुले वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती खूण तिच्या माथ्याखाली गेलेली असेल.

प्रश्न : आमच्या वेळी पंचगंगा होती, विहिरी होत्या, आणि उडी मारायला पैसे लागत नव्हते. प्लास्टिकच्या नळीतून घसरण्यासाठी माणशी शेकडो रुपये मोजायचे आणि वर त्याला अनुभव म्हणायचे, हे मला पटत नाही. – एक आजोबा, कागल

उत्तर : आजोबा, आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. उंची आणि वेग यांची ओढ मुलांना उपजतच असते. नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मुलांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार मांडले, त्यांत मोठी उंची आणि मोठा वेग हे दोन्ही आहेत. आपल्या पिढीला ही दोन्ही सुखे फुकट मिळाली. राहिलेल्या अर्ध्याबद्दल मात्र सांगतो. विहिरीत आणि नदीत दरवर्षी मुले बुडतात. आपल्या वेळी काठावर दोर घेऊन बसलेला चुलता असे. आज पोरे एकटीच जातात आणि त्यांना बुडणारा ओळखूही येत नाही. आपणांस पोहता येत असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर नातवाला महापालिकेच्या किंवा तालुक्याच्या तरण तलावावर घेऊन जावे आणि स्वतः काठावर बसावे. ते तिकीट स्वस्त असते आणि आपल्यासारखा शिक्षक पैसे देऊन मिळत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेने पाचवी ते सातवीच्या साठ विद्यार्थ्यांची सहल वॉटर पार्कला नेली. काही मुले दिवसभर मोठ्या घसरगुंडीवरच होती, काही गुडघाभर पाण्याच्या पुढे गेली नाहीत, आणि आठ-दहा मुली कपड्यांच्या अडचणीमुळे पाण्यात उतरल्याच नाहीत. पुढच्या वर्षी काय बदलावे? – एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : आपण त्या आठ-दहा मुलींची नोंद ठेवलीत, त्यासाठी आपले मनापासून आभार. सहलीच्या अहवालात सहसा 'सर्वांनी आनंद लुटला' एवढेच लिहिलेले असते.

कपड्यांपासून सुरुवात करू. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत, याची कारणे मुलांना आणि पालकांना आधी सांगावीत : सुती कापड पाणी पिऊन जड होते, घसरगुंडीला चिकटते, त्याचे धागे गाळणीत जातात, आणि जीन्सची बटणे व चेन फायबरच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडतात, जे पुढच्या मुलाच्या पाठीला लागतात. नायलॉनचा पोशाख म्हणजे तोकडा पोशाख, असा समज मात्र अनेक घरांत आहे. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाखही मिळतो आणि तो चालतो. शाळेने महिनाभर आधी असे दहा-पंधरा पोशाख वेगवेगळ्या मापांत घेऊन ठेवावेत. ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि ज्या घराला भाड्याचे पैसे व डिपॉझिट जड जाते त्या घरच्या मुलालाही कोणाकडे मागायला लागत नाही. कपडे बदलण्याच्या खोलीशी शिक्षिका असावी. ज्या मुलींची पाळी सुरू आहे त्यांना कारण विचारू नये. पाण्याबाहेरचे एखादे जबाबदारीचे काम, जसे गटांची मोजणी, सर्वांसाठीच आळीपाळीने ठेवावे, म्हणजे कोणी वेगळे दिसत नाही.

गट इयत्तेप्रमाणे पाडू नयेत. आपण कोल्हापूर जिल्ह्यातले, आपल्याला हे सांगायला नको की मैदानात जोड बघून कुस्ती लावतात. गावच्या जत्रेत सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात आणि नामवंत मल्लांची कुस्ती दिवस कलल्यावर लागते. रेवडीवर लढलेल्या पोराला त्या दिवशी आपणही मैदान मारल्यासारखे वाटते, कारण त्याच्यासमोर त्याच्याच जोडीचा पोरगा होता. तसेच येथे करावे. बसमध्येच मुलांना विचारावे : पाण्यात तोंड बुडवता येते का, आधी किती उंच घसरगुंडीवर गेला आहेस, पोहता येते का. उत्तरांवरून तीन गट करावेत आणि दिवसात एका गटातून दुसऱ्यात जाण्याची मुभा दोन्ही बाजूंनी ठेवावी. सातवीतला धिप्पाड मुलगा लहानांच्या गटात आला तर त्याची चेष्टा होणार नाही, ही जबाबदारी शिक्षकाची. दोघादोघांच्या जोड्या लावून दर अर्ध्या तासाला शिट्टीवर जोडीने हात वर करायला लावावे. आणि ज्याचे ओठ निळसर दिसतील, दात वाजतील त्याला लगेच बाहेर काढून उन्हात बसवावे; बारीक अंगाच्या मुलांच्या शरीरातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर जाते, मग तो मे महिना का असेना.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. ती व्हीलचेअर वापरते, बुद्धीने तल्लख आहे. तिचा धाकटा भाऊ वॉटर पार्कमध्ये खेळतो तेव्हा आम्ही तिला सावलीत घेऊन बसतो. परवा तिने विचारले, 'माझ्यासाठी कोणी घसरगुंडी का बांधत नाही?' तिला काय सांगू? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : तिला खरे ते सांगावे : तिच्यासारख्या मुलांना पाण्यात खेळता येईल अशी जागा बांधता येते, आणि जगात निदान एका ठिकाणी ती बांधली आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात २०१७ मध्ये मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड नावाचे पाण्याचे उद्यान सुरू झाले. त्याची आखणीच अपंग मुलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. तिथे पाण्यात नेता येतील अशा, बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या दिल्या जातात, आणि ज्यांना अपंगत्व नाही अशी भावंडेही त्याच कारंज्यांखाली खेळतात.

आणि हक्काची गोष्टही तिला कळेल अशा शब्दांत सांगावी, कारण ती अकरा वर्षांची आहे आणि प्रश्न तिनेच विचारला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ वे कलम प्रत्येक मुलाचा खेळण्याचा हक्क मान्य करते, आणि भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातील ३० वे कलम तर अपंग मुलांना खेळ आणि करमणुकीत इतर मुलांच्या बरोबरीने भाग घेता यावा असे स्पष्ट म्हणते. तो करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्यावरच आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा उभा आहे. म्हणजे तिचा प्रश्न हट्टाचा मुळीच नाही, तो देशाने दिलेल्या शब्दाबद्दलचा आहे.

आता प्रत्यक्षाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी मी एका वॉटर पार्कमध्ये पाहिले की एक वडील आपल्या बारा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन घसरगुंडीचा जिना चढत होते. चौथ्या टप्प्यावर ते कठडा धरून थांबले. मुलाने आपल्या तळहाताने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. वर गेल्यावर त्यांना परत पाठवण्यात आले, कारण मुलाला स्वतःहून बसता येत नव्हते. नियम चुकीचा नव्हता. पण खाली, तिकिटापाशी, कोणी ते सांगितले असते तर त्या दोघांना तो जिना चढावा लागला नसता. घसरगुंडीचा सर्वांत मोठा अडथळा वेग नसून जिना आहे, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून जाण्याआधी फोन करून नेमके प्रश्न विचारावेत. पाण्यात उतरायला पायऱ्या आहेत, की समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जाणारा उतार आहे? वेव्ह पूलमध्ये तो पुष्कळदा असतो, आणि लाटा बंद असतानाच्या वेळी आपली मुलगी तिथे आपल्या आधाराने उथळ पाण्यात बसू शकेल. लेझी रिव्हरमध्ये, म्हणजे ट्यूबमध्ये बसून संथ वाहत जायच्या प्रवाहात, तिला ट्यूबमध्ये बसवण्यासाठी काठाशी सपाट जागा आहे का? गर्दी कमी असलेला दिवस कोणता? तिच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारून घ्यावे की तिला मानेचा आणि धडाचा आधार किती लागेल. झटके येत असतील तर तेही आधी सांगावे. थंड पाण्यात स्नायू अधिक ताठरतात, म्हणून दुपारी पाणी तापल्यावर पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. लाइफ जॅकेट आणि हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस, या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत.

तिच्यासाठीही पायऱ्या असतातच, फक्त त्या वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात. पहिल्या दिवशी वाहत्या पाण्यात हात धरणे, दुसऱ्या खेपेला कारंज्याखाली तोंड धरणे, मग ट्यूबमध्ये आईशेजारी एक फेरी. भावाला मात्र 'ताईला सांभाळ' असे काम लावू नये. त्याला तिच्याबरोबर खेळू द्यावे. आणि परत आल्यावर त्या जागेच्या व्यवस्थापकांना मुलीच्या हातचे पत्र पाठवावे, आपल्याला काय करता आले आणि काय नाही ते लिहिलेले. मोठ्यांच्या तक्रारी फायलीला लागतात. मुलीचे पत्र कोणीतरी टेबलावर ठेवून वाचेल, असा मला विश्वास वाटतो.

प्रश्न : सर, मी पाचवीत आहे. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत वॉटर पार्कला जाणार आहे. बंद नळीत आत अंधार असतो का? मी मध्येच अडकलो तर काय होईल? आईला विचारले तर ती म्हणते काही होत नाही, पण ती कधी गेलेली नाही. – एक मुलगा, मंगळवार पेठ

उत्तर : तुझा प्रश्न चांगला आहे आणि मी गेलेलो आहे, म्हणून सांगतो.

आत अंधार असतो, पण सगळीकडे नाही. पुष्कळ नळ्या पातळ रंगीत फायबरच्या असतात, त्यामुळे ऊन असले की आत निळा किंवा पिवळा उजेड पसरतो, जणू तू रंगीत काचेच्या बाटलीतून चालला आहेस. काही नळ्या मुद्दाम काळ्या ठेवतात. तुझ्या वॉटर पार्कमधली कोणती ते खाली उभ्या असलेल्या माणसाला आधीच विचार. विचारण्यात काही कमीपणा नाही. आत आवाज मोठा येतो, कारण पाण्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. वळणावर तुझे अंग एका बाजूच्या भिंतीवर चढते आणि आपोआप खाली येते. हे सगळे मोजून दहा-वीस सेकंदांत संपते. घरी घड्याळ लावून वीस सेकंद डोळे मिटून बस, म्हणजे तुला कळेल किती वेळ असतो ते.

तू हलका असलास तर एखाद्या सपाट ठिकाणी तुझा वेग कमी होईल आणि तू थांबलास असे वाटेल. घाबरू नकोस. उठून बसू नकोस, उभा तर मुळीच राहू नकोस. पाठीवर पडून राहा, टाचांनी किंवा हातांनी हळूच स्वतःला पुढे ढकल. पाणी मागून येतच असते, ते तुला घेऊन जाईल. जाताना पाय पुढे, घोट्यावर घोटा, हात छातीवर, आणि जिथे ट्यूब देतात तिथे तिचे कडे घट्ट धरायचे. बंद नळीत उलटे किंवा डोके पुढे करून कधी जायचे नाही, भावाने कितीही सांगितले तरी. आधी उघड्या घसरगुंडीवर दोन-तीन वेळा जा. नंतर बंद नळीपाशी वर गेलास आणि आज नको वाटले, तर त्या माणसाला सांग आणि जिन्याने खाली ये. तो रस्ता सगळ्यांसाठी असतो.

आणि हौदात पडलास की नाकातले पाणी पुसत तिथेच उभा राहू नकोस. लगेच बाजूच्या पायरीकडे सरक, कारण तुझ्या मागून कोणीतरी निघालेले असते.